भुरी बसते तिथं

१

कुत्र्याला माग काढायला शिकवण्याची सुरुवात अगदी साधी असते. सकाळची ओल हवी, वारा पडलेला हवा आणि खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे हवेत. रानात एक काठी रोवायची. काठीजवळची जमीन पायांनी तुडवायची, म्हणजे तिथं वास दाट होतो. मग सरळ रेषेत वीस पावलं चालायचं, प्रत्येक पावलाच्या ठशात एक तुकडा ठेवायचा, शेवटी आपली एखादी वस्तू टाकायची आणि लांबून वळसा घालून परत यायचं. कुत्रं ठशातून ठशात खात जातं. त्याला कळतं, की माणसाच्या वासामागं गेलं तर शेवटी चांगलं काहीतरी मिळतं.

हे मी स्कॉटलंडमध्ये शिकले. सरकारी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायला गेले होते. तिथल्या डोंगरात धुक्यात माणूस हरवला, की तासाभरात कुत्री निघतात. हरवलेला कोणाचा कोण, हे कोणी विचारत नाही. कुत्र्याला माणसाचा वास कळतो, त्याचं आडनाव कळत नाही. हे पाहिलं त्या दिवशी मी ठरवलं, की परत जायचं आणि आपल्या जिल्ह्यात असं एक तरी कुत्रं तयार करायचं.

भुरी ही माझ्या वडिलांना देवगाव फाट्यावर एसटीच्या थांब्याजवळ सापडलेली गावठी कुत्री. अंग राखेच्या रंगाचं, एक कान पडलेला. वडील, धम्मानंद, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी मला रानात वाकून ठशांत कलेजी ठेवताना पाहून ते म्हणाले, "सुकेशनी, कुत्र्याला हुंगायला शिकवायला परदेशात जावं लागलं होय?"

"हुंगतं ते आपोआप, बाबा. कोणाला हुंगायचं ते शिकवावं लागतं."

"आणि कोणाला?"

मी नाव घेतलं नाही. त्यांना माहीत होतं.

२

दोन वर्षांपूर्वी, मी तिकडे असताना, आमच्या गल्लीतले लिंबाजीकाका हरवले. त्यांना विसराळूपणा जडला होता. मुलगा बालाजी आणि सून बबिता ऊसतोडीला गेलेले. घरात फक्त बायको, सरजाबाई. एका दुपारी लिंबाजीकाका घरातून निघाले, ते आजवर नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दीड दिवस शोधलं. ठाण्यात एक अर्ज लिहून घेतला गेला. बस्स. वडिलांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. एक कुत्रं असतं तर, एवढंच डोक्यात येत राहिलं.

म्हणून भुरी दोनशे पावलांचा माग बिनचूक काढायला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा सरजाबाईकडेच गेले. आता मला दुसऱ्या माणसाचा माग हवा होता. कोणीतरी जाऊन लपायचं, भुरीनं शोधायचं. दिवाळीनंतर आमची गल्ली रिकामी असते. घरोघर कुलपं. चौदा एप्रिलच्या आत सगळे परत येतात, तोवर उरतात ती म्हातारी माणसं आणि शेळ्या.

"मी लपू?" सरजाबाईला हसू आवरेना. "या वयात? मला बघून शेळ्या हसतील की."

"मावशी, नुसतं चालत जायचं आणि बसायचं. भुरी येईल."

"माझ्यामागं आजवर कुनी आलं न्हाई पोरी. आता कुत्रं येतंय. येऊ दे. पर लांब न्हाई जायची मी, गुडघे लय बेजार करायलेत."

"चालेल. फक्त एक नियम. भुरी तुमच्यापर्यंत येऊन बसत नाही आणि एकदा भुंकत नाही, तोवर बाहेर यायचं नाही. आवाज करायचा नाही. मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

"तू हाक मारली तरी?"

"मी मारली तरी. तुमचा आवाज ऐकून आली तर ती नाकानं शोधायचं सोडून देईल."

"लय कडक मास्तरीन हाय बाई," ती म्हणाली. पण तिला आवडलं होतं. कोणीतरी शोधणार आहे, हे तिला आवडलं होतं.

सुरुवातीला कुत्र्याला वास द्यायला माणसाची एखादी वस्तू लागते. मी मागितली तेव्हा तिनं अंगावरच्या वाकळीचा फाटलेला कोपरा विळीवर कापून दिला. "हिच्यात रोज निजते मी. हिच्यापेक्षा माझा वास कशाला हाय?" मी तो तुकडा चिमट्यानं उचलून झिपच्या पिशवीत बंद केला. ती माझ्या चिमट्याकडे बघत राहिली आणि मग खो खो हसली.

३

पहिल्या दिवशी सरजाबाई तिच्या परसातून निघून कॅनॉलच्या कडेनं उजवीकडे गेली आणि बाभळीच्या मागं बसली. मला ती वाट माहीत होती. अर्ध्या तासानं मी भुरीला छातीपट्टा बांधला, दहा हातांचा दोर सोडला आणि वाकळीचा तुकडा तिच्या नाकाशी धरला.

भुरी एकदम ताठ झाली. वास ताजा असला, की तिची शेपूट वर जाते आणि दोर ओढून माझे तळवे सोलून निघतात. तशीच ती निघाली. पण उजवीकडे नाही, डावीकडे. काढून नेलेल्या हरभऱ्याच्या रानातून सरळ, जराही न भटकता. नाक ठशातून ठशात जातं तसं खाली, वर, खाली, वर. ठसा मात्र मला एकही दिसत नव्हता.

रानाच्या मधोमध ती थांबली. बसली. मान वर केली आणि एकदा भुंकली.

शोधल्याची खूण. मी शिकवलेली, अगदी तश्शी. मी इतकी आनंदले होते, की विचार न करता कलेजीचा तुकडा तिला दिला. मग आजूबाजूला पाहिलं. ढेकळं, हरभऱ्याचे खुंट. काहीच नाही.

सरजाबाई बाभळीमागं तासभर बसून होती. मी जाऊन समोर उभी राहिले तरी ती तोंडावर पदर धरून गप्प. शेवटी मी म्हणाले, "मावशी, झालं. उठा."

"कुत्रं कुठं हाय? नियम हाय ना तुझा?"

परत येताना ती म्हणाली, "तिनं दुसऱ्याच कुनाला शोधलं का?"

४

रिकाम्या जागी बसणं ही शिकाऊ कुत्र्यांची नेहमीची खोड. बक्षीस बसण्याचं मिळतं की शोधण्याचं, हे त्यांना नीट कळलेलं नसतं. आणि मी तर पहिल्याच चुकीला बक्षीस दिलं होतं. चूक माझी होती, तिला कारण होतं, आणि कारण असलं की मला झोप लागते.

पुढचे आठ दिवस मी वही ठेवली. रोज सकाळी सरजाबाई वेगळ्या दिशेला जायची. रोज भुरी तुकडा हुंगून हरभऱ्याच्या रानात शिरायची, आपल्या जागी बसायची, एकदा भुंकायची. मी बक्षीस द्यायचं बंद केलं. तरी ती बसायची.

जागा मात्र तीच नव्हती. परसाच्या कुडापासून मी पावलं मोजली. पहिल्या दिवशी चारशे दहा. मग तीनशे साठ. तीनशे दहा. दोनशे सत्तर. एक दिवस आम्ही गेलोच नाही, मला ताप होता. त्यानंतरच्या दिवशी एकशे ऐंशी.

मी वडिलांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले.

"कुत्री आळशी झालीय. बक्षीस मिळत नाही म्हटल्यावर लांब कशाला जाईल?"

मलाही हेच पटलं होतं. फक्त एक गोष्ट मी वहीत लिहिली नव्हती. सरजाबाई सापडते तेव्हा, म्हणजे मी भुरीला ओढत तिच्यापर्यंत नेते तेव्हा, भुरी बसून तिच्या तोंडाकडे बघते. सरजाबाई जमिनीवर बसलेली असते, म्हणून भुरीची नजर समोर असते. रानात बसते तेव्हा ती मान मागं टाकून बघते. उभ्या माणसाकडे बघतात तशी. उंच माणसाकडे.

५

कुडापासून साठ पावलांवर भुरी बसली, त्या दिवशी मी सरजाबाईच्या चुलीपाशी चहा घेत होते. वाकळ उन्हात टाकलेली होती. मी सहज तिच्या कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. वरून जांभळं लुगडं होतं. कापलेल्या कडेला मात्र आतले थर दिसत होते, पुस्तकाच्या पानांसारखे. हिरवा, फुलाफुलांचा, आणि मधे मळकट पांढरा, जाड.

"मावशी, हा पांढरा थर कशाचा?"

"धोतर हाय. म्हाताऱ्याचं. वाकळीला आत जाड लागतंय. वरलं माझं, ते फुलांचं बबिताचं, हिरवं माझ्या सासूचं. घरातली समदी हायत हिच्यात."

मी कप खाली ठेवला. गल्लीतल्या कुठल्याही पोरीला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. आमच्या घरातही वाकळ आहे, तिच्यात माझ्या आईची लुगडी आहेत. पण चिमटा आणि झिपची पिशवी हातात असताना मला ते सुचलंच नव्हतं. एका माणसाचा वास द्यायचा, हा पहिला धडा. आणि मी भुरीला आख्खं घर हुंगायला दिलं होतं. त्यातून तिनं तिच्या मनानं एक माणूस निवडला होता.

पण दोन वर्षांपूर्वीचा माग जमिनीवर राहत नाही. दोन दिवससुद्धा राहत नाही. आणि भुरी ताज्या मागावर चालते तशी चालत होती.

"काका उंच होते ना?"

"लय. दारातनं वाकून यायचा." ती लाकूड आत सारत होती. "शेवटाला तर लेकरू झाला व्हता. मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, त्याला पत्र्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. कडी अशी वर, त्याच्याच हाताच्या मापानं त्यानंच ठोकलेली. मी दगडावर चढून लावायची. आधी आधी दार वाजवायचा. मग वाजवायचा न्हाई. डबे उघडून बघत बसायचा दिवसभर. ह्यात काय हाय, त्यात काय हाय. झाकन उघड, झाकन लाव. बाहेरून ऐकू यायचं."

"मग त्या दिवशी कसे गेले?"

सरजाबाईनं लाकूड आणखी आत सारलं. चहा उतू गेला, तो तिनं पाहिला नाही.

"त्या दिवशी मी कडी लावली न्हाई," ती म्हणाली.

"विसरलात?"

"मी कामून इसरंल? इसरायचा तो."

६

पत्र्याची खोली तिच्या परसातच आहे. आता तिथं कापसाच्या पऱ्हाट्या भरलेल्या असतात, जळणाला. दार उघडं राहिलं तर शेळ्या शिरतात, म्हणून येताजाता मीसुद्धा ते लावून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी भुरी कुडाच्या आत बसली. परसात, पत्र्याच्या खोलीपासून चार हातांवर. मान मागं टाकली, एकदा भुंकली. सरजाबाई समोरच उभी होती, लपायला निघायच्या तयारीत.

तिनं भुरीच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय दिसायलंय गं तिला?"

मी तेव्हा खोटं बोलू शकले असते. पण मी शास्त्र शिकून आलेली, मला खऱ्याचं वेड. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं: वाकळ, धोतर, वहीतले आकडे. हा चुकीच्या वासाचा गोंधळ आहे, घाबरण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. तिनं फक्त आकडे ऐकले.

"रोज जवळ?"

"तो भुरीचा आळस आहे, मावशी."

"रोज जवळ यायलाय," ती म्हणाली. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी त्या वेळी भीती म्हटलं नसतं. खूप दिवसांनी पाहुणा येणार असल्यासारखी तिनं हातानं केस सारखे केले.

मी ठरवलं, की हे एकदाच नीट मोडून काढायचं. वाकळ बंद. सरजाबाईनं रात्रभर अंगात घातलेली चोळी घ्यायची, तिची एकटीची. ती कुठं जाणार हे मला माहीत नसणार, म्हणजे माझ्या चालण्यातून भुरीला सुगावा लागणार नाही. माग दोन तास जुना होऊ द्यायचा. भुरीनं सरजाबाईला शोधलं, तर कुत्री तयार झाली. नाहीतर पुन्हा वीस पावलांपासून सुरुवात. कुठंही बसली, की दोर ओढून पुढं काढायचं. त्यात दयामाया नाही.

"आणि नियम तोच," मी म्हणाले. "काही झालं तरी आवाज नाही. या वेळी तर मुळीच नाही."

"न्हाई बाई. मेले तरी ओ देनार न्हाई," सरजाबाई म्हणाली आणि हसली.

७

मार्चचा शेवटचा आठवडा होता. सरजाबाई सातला निघाली. नऊला मी भुरीला चोळी हुंगवली.

भुरीनं इतका सुंदर माग कधी काढला नव्हता. हरभऱ्याच्या रानाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. कॅनॉलपर्यंत सरळ, तिथून पुलावरून पलीकडे, लिंबाच्या झाडाखाली एक चक्कर. तिथं सरजाबाई टेकली असणार. मग कडेकडेनं परत. नाक खाली, दोर ताठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती वळत वळत पुन्हा गल्लीकडे निघाली, तेव्हा मला पहिली शंका आली. कुडातून आत शिरली, तेव्हा माझं मन खट्टू झालं. आणि पत्र्याच्या खोलीच्या दारासमोर ती बसली.

मान मागं टाकून. एकदा भुंकली.

मी दाराकडे पाहिलं. बाहेरून कडी होती. साखळीची कडी, वरच्या कोयंड्यात अडकवलेली. बाहेरून कडी म्हणजे आत कोणी नाही. हे कोणालाही कळतं. कालची जागा दारापासून चार हातांवर होती, आजची दाराशी. तेच चालू होतं.

"मावशी!" मी परसात उभी राहून हाक मारली. घर उघडं होतं, आत कोणी नव्हतं. ओ आली नाही. मी दोर ओढला. भुरी उठेना. पहिल्यांदाच मी तिला दोराच्या टोकानं मारलं. ती कळवळली, पण नजर दाराच्या वरच्या कोपऱ्यावरच होती, कडीवर.

मी तिला फरफटत पुन्हा सुरुवातीला नेलं. चोळी दिली. तिनं पुन्हा तोच माग काढला, कॅनॉल, पूल, लिंब, आणि पुन्हा दाराशी बसली. दहा वाजून गेले होते. तिसऱ्यांदा ती कॅनॉलकडे गेलीच नाही. सरळ दारापाशी जाऊन पायांनी माती उकरायला लागली. मी तिला चांगलीच बदडली आणि आमच्या घरी नेऊन बांधून टाकली. तिथूनही तिचं रडणं ऐकू येत होतं.

मग मी एकटी निघाले. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन डोक्यावर आलं, पत्रे तडतड वाजायला लागले. कॅनॉलच्या दोन्ही कडा, बाभळी, पुलाखालचे पाइप, सगळं पाहिलं. पाण्यात काठी घालून पाहिली. वडील छत्री घेऊन आले. शेजारच्या केशरबाई रानातून परतल्या, त्याही आल्या. आम्ही हाका मारत फिरत होतो. त्या परसातून मी पाचसहा वेळा गेले असेन. त्या दारासमोर उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडले, "मावशी, झालं, संपलं, बाहेर या!" मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, हे मीच तिला तीनदा बजावलं होतं.

दोन वाजता वडील परसात थांबले. घाम पुसत म्हणाले, "या खोलीत बघितलंस?"

"बाहेरून कडी आहे ना, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर करून कडी काढली. वडील उंच नाहीत. त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं.

८

सरजाबाई पऱ्हाट्यांच्या आडोशाला बसली होती. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला. पत्रा इतका तापला होता, की आत पाय ठेवताच माझे डोळे चरचरले. तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. आवाज होऊ नये म्हणून.

दाराच्या आतल्या बाजूला, खाली, पत्र्यावर बोटांचे ओले माग उमटून वाळले होते. शेवटी तिनं दार ढकलून पाहिलं असावं. वाजवलं मात्र नव्हतं. वाजवलं असतं, तर मला ऐकू आलं असतं.

कडी कोणी लावली, हे ठाण्यातून आलेल्यांनी विचारलं. केशरबाई दुपारपर्यंत रानात होत्या. गल्लीतल्या म्हाताऱ्यांपैकी त्या परसाकडे कोणी फिरकलं नव्हतं. वाऱ्यानं दार लागतं, पण साखळी उचलून वर कोयंड्यात घालावी लागते. ती आपली आपण चढत नाही. नऊनंतर भुरीच्या मागं मी पहिल्यांदा दाराशी आले तेव्हा कडी होती. याची मला खात्री आहे. सकाळी आठच्या सुमाराला मी एकदा चोळी न्यायला परसात गेले होते. तेव्हा दार उघडं दिसलं का, सवयीनं मी ते लावलं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. माझा हात तिथं पोचतो, पण चवड्यांवर उभं राहिल्यावर. तसं उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

आठवत नाही, एवढंच मी म्हणू शकते.

९

बालाजी आणि बबिता कारखान्यावरून दुसऱ्या दिवशी पोचले. माती झाल्यावर बालाजी आमच्या दारात आला. मी उठून उभी राहिले.

"ताई, आमच्या आईला तुमी लपायला लावलं व्हतं म्हनं."

"हो."

"आन् कुत्र्यानं शोधलं व्हतं म्हनं."

मी मान हलवली.

"मंग तुमी काय करायलता?"

तो रागानं बोलला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वडील मधे काहीतरी बोलले, तो ऐकून निघून गेला. जाताना त्यानं भुरीच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी बबिता आली. काखेत वाकळ होती. तिनं ती आमच्या ओसरीवर टाकली.

"आमाला नको ही. पांघरली की झोप येत न्हाई. तुमच्या कुत्रीला घाला."

मी वाकळ धुऊन टाकणार होते. धुतली नाही. गुंडाळून माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवली. त्या झिपच्या पिशवीतला तुकडाही आत सरकवला, ज्याचं त्याला.

१०

चौदा एप्रिल होऊन गेला. गल्ली भरली, निळे झेंडे लागले, गाणी वाजली. मी भुरीला शिकवायचं सोडलं. छातीपट्टा खुंटीला आहे, कलेजीचा पत्र्याचा डबा बाहेर कट्ट्यावर आहे, कारण खायला तर घालावंच लागतं. त्याचं झाकण फार घट्ट. उघडताना टक्क वाजतं, आणि भुरी कुठंही असली तरी धावत येते.

ती आता आपणहूनच बसते. परवा आमच्या फाटकाशी बसली. काल अंगणात, तुळशीवृंदावन नाही म्हणून आईनं लावलेल्या मोगऱ्याजवळ. मान मागं टाकून. मी तिला मारत नाही. तिच्यापाशी जाते, तिच्या नजरेच्या रोखानं बघते, काही दिसत नाही. मी कलेजीचा तुकडा देते. शोधलं तर बक्षीस द्यावं लागतं. एकदा मी दिलं नव्हतं.

आज वडील पिंगळीला गेले आहेत, पाहुण्यांकडे नामकरण आहे. घरात मी एकटी. दुपारचे साडेबारा झाले आहेत, गल्ली उन्हानं चिडीचूप. मी माझ्या खोलीत बसून हे लिहीत होते. दार नुसतं लोटलेलं होतं.

आताच कडी वाजली. आमच्या घराला आतून अडसर आहेत. बाहेरून कडी फक्त माझ्या या खोलीला. ती आईच्या वेळेची, कधी कोणी लावत नाही. वाऱ्यानं हलली असेल. वारा नाही.

भुरी दाराबाहेर आली. तिच्या नखांचा आवाज मी ओळखते. ती बसली. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

एकदा भुंकली.

मी पेन खाली ठेवलं नाही. बाहेर डब्याचं झाकण टक्कन उघडलं. थोडा वेळ काहीच नाही, जणू कोणी आत काय आहे ते बघतंय. मग झाकण लागलं. पुन्हा उघडलं. भुरी काहीतरी खायला लागली.

म्हणजे तिनं मला शोधलं आहे आणि तिला बक्षीसही मिळालं आहे. नियमाप्रमाणे आता मी बाहेर यायला हरकत नाही. दार मी अजून ओढून पाहिलेलं नाही.